दाजी कॉफीचं मशीन घेतात

माझ्या थोरल्या साडूंना विचारून ही पृथ्वी निर्माण करायची ठरली असती तर ती अजून झालीच नसती, याविषयी आमच्या सासरी कुणालाही शंका नाही. मात्र झाली असती तर एकही डोंगर कलता नसता, आणि त्यांच्या दुष्काळी खटावात पाऊस पोचवायची काहीतरी सोय त्यांनी सुरुवातीलाच करून घेतली असती. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. वस्तू घेण्याआधी चौकशी करावी हे सगळ्यांनाच पटतं. दाजी चौकशी करायला मिळावी म्हणून वस्तू घ्यायला निघत. सगळी नोकरी मिलिटरीच्या स्टोअरमध्ये झालेली, हवालदार म्हणून रिटायर. आलेला माल उलटापालटा करून, वाजवून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही तिथली सवय ते पेन्शनबरोबर वडूजला घेऊन आले.

कोरेगावच्या बाजारात एकदा त्यांना छत्री घ्यायची होती. दुकानदाराने छत्री उघडून दाखवली. दाजी म्हणाले, "आता पाणी वता." दुकानदार हसला. दाजी हसले नाहीत. ते छत्री धरून भर उन्हात रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि शेवटी शेजारच्या चहावाल्याने बादलीने त्यांच्यावर पाणी ओतलं. एका काडीपाशी थेंब गळला. "दुसरी बगू." दुकानातल्या निम्म्या छत्र्या भिजल्यावर जी पास झाली, ती त्यांच्याकडे पुढे कित्येक वर्षं होती. खुर्ची घ्यायला गेले तेव्हा जेवणाचा डबा बरोबर नेला. खुर्चीत बसून जेवले, तिच्यातच एक डुलकी काढली आणि उठून म्हणाले, "पाठ भरून येतीया." नवल हे, की दुकानदार कधी चिडत नसत. दाजींचं बोलणं इतकं मऊ आणि चेहरा इतका काळजीत पडलेला, की आपल्याच मालाबद्दल दुकानदाराला शंका यायला लागे आणि तोही त्यांच्याबरोबर तपासायला बसे.

अशा माणसाने लग्न मात्र पहिलीच मुलगी बघून ठरवलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं, "दाजी, तिथं कशी चौकशी केली नाही?"

"आवं पाव्हणं, तितं माल आमी हुतो," दाजी म्हणाले. "तपासणी तिनं केली. आमी पास झालो."

ती म्हणजे आमची अक्का, माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघी बहिणींचं आजोळ धारवाडकडचं, त्यामुळे दोघींच्या सकाळी कॉफीने उजाडतात. दाजी पक्के चहाचे. पण अक्काची खरी ओळख कॉफी नव्हती, नाक होतं. ती सगळा स्वयंपाक नाकाने करी. शेंगदाणे भाजायला टाकून अंगणात तुळशीला पाणी घालत असायची आणि नेमक्या वेळी तिथूनच ओरडायची, "आवं, गॅस बंद करा, झालं." आमटीत मीठ कमी पडलंय हे तिला वाफेवरून कळायचं. पाहुणा दारात आला की तो कुणाच्या घरी काय खाऊन आलाय हे ती सांगे, आणि त्यामुळे आमच्या नात्यातले बरेच जण आधी अक्काकडे जेवून मग इतरांकडे जात.

साथीच्या वर्षी घरोघरी ताप आला, तसा त्यांच्याही घरी आला. दाजी खोकून खोकून बरे झाले. अक्काला ताप थोडाच आला, पण जाताना वास घेऊन गेला. सुरुवातीला तिने थट्टेवारी नेलं. "आता तुमच्या मोज्यांचं काय न्हाई मला," असं दाजींना म्हणाली. बाकीच्यांचे वास महिन्या-दोन महिन्यांत परत आले. तिचा आला नाही. कॉफी तिला नुसतं गरम पाणी लागायला लागली, मग तिने ती सोडली. भाकरी करपायची. दूध उतू जायचं. मग एका सकाळी दाजी फिरून आले तर घरभर गॅस कोंडलेला, आणि अक्का ओट्यापाशी निवांत मेथी निवडत बसलेली. बाजूला काड्यापेटी. दाजींनी आधी तिला हाताला धरून बाहेर काढलं, मग खिडक्या उघडल्या. हे मला सांगताना ते म्हणाले, "पाव्हणं, फौजेत आमी दारूगोळ्याशेजारी झोपलो. पर ती काड्यापेटी उचलायचं धाडस हुईना."

त्या दिवसापासून दाजी फिरायला जाईनासे झाले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. अक्का वैतागायची. "ह्यो पहारा कशाला?" म्हणायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की नाकालाही व्यायाम लागतो. लवंग, लिंबू, कॉफी असे उग्र वास रोज नेमाने घेत राहा, आला तर येईल. लवंग आणि लिंबू घरात होतंच. त्याच सुमारास मुलीकडे पुण्याला गेले असताना तिने दोघांना कॉफीच्या एका दुकानात नेलं. बोटभर कपात काळीभोर कॉफी आली. अक्काने नाइलाजाने घोट घेतला आणि कप तसाच धरून बसली.

"आवं," ती म्हणाली, "हे जिभंला लागतंय."

एवढं पुरलं. असली कॉफी करणारं मशीन घरी आणायचं, असं दाजींनी तिथल्या तिथे ठरवलं. अक्काने एकच अट घातली. कपडे धुवायच्या मशीनपेक्षा कॉफीचं मशीन महाग असेल तर ते घरात येणार नाही.

मग दाजींच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चौकशी सुरू झाली. फोनवर त्यांनी कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांचे व्हिडिओ पाहिले. भाषा कळत नसे, पण "हात कसं चालतात ते बगायचं, तोंडाकडं बगायचंच न्हाई" असं त्यांचं म्हणणं. साताऱ्यात आणि सांगलीत कॉफीची जी काही नवी दुकानं निघाली होती तिथे अक्कालाही बरोबर नेऊन ते चहा मागत आणि मशीनच्या मागच्या बाजूने उभं राहू द्यावं अशी विनंती करत. मला दर दोन दिवसांनी फोन येई.

"पाव्हणं, खोक्यावर लिव्हलंय पंधरा बार प्रेशर. कॉफीला लागतंय नऊ. मग पंधरा कशाला? आपल्याला कॉफी करायची हाय का गाडी धुवायची?"

दुसऱ्या फोनला निराळाच विषय. "मशीन ऱ्हाऊ द्या बाजूला. खरा खेळ दळन्यात हाय." ते सिद्ध करायला ते आमच्याकडे सांगलीला आले, माझ्या बायकोच्या मिक्सरमध्ये कॉफीच्या बिया फिरवल्या आणि तिच्याच पिठाच्या चाळणीतून चाळल्या. "हे बगा. निम्मी पिठी, निम्मा रवा. पिठीत पाणी अडतंय, रव्यातनं पळतंय. मग कॉफी एकीकडनं कडू आनि एकीकडनं आंबट. आता मशीन कितीबी भारी आना, काय करंल ते बिचारं?" बायकोने त्या मिक्सरमध्ये नंतर चटणी केली. ती आठवडाभर कुणी खाल्ली नाही, पण दाजींचं म्हणणं आम्हाला पटलं होतं.

पैसे थोडे आणि वस्तू दोन. चांगला ग्राइंडर घ्यावा तर मशीनपुरतं उरत नाही. चांगलं मशीन घ्यावं तर ग्राइंडर त्या मिक्सरच्याच लायकीचा. यातून वाट म्हणून दाजींनी मशीन घरीच बनवायचं ठरवलं. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री कुपवाडला लेथ चालवतात, रफिकभाई. दाजी अक्काला घेऊन आमच्याकडेच मुक्कामाला आले आणि रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून तिकडे जाऊ लागले. दोघांचं असं जमलं की रफिकभाईंची गिऱ्हाइकं ताटकळायला लागली. त्यांनी एक जाड नळी कापली, तिला दट्ट्या बसवला, वर लांब दांडा आणि बाजूला प्रेशरचा काटा लावला. चाचणी आमच्या स्वयंपाकघरात झाली. दाजींनी दांडा दाबला. काटा सरकला, आणखी सरकला, आणि मग खालचं झाकण निसटून कॉफी जी वर गेली ती थेट छताला. आम्ही तिघेही मान वर करून बघत राहिलो. थेंब माझ्या चष्म्यावर पडला.

"हवालदारसाब," रफिकभाई शांतपणे म्हणाले, "प्रेशर तो बराबर आया."

त्यानंतर दाजींनी मुकाट्याने हाताने फिरवायचा एक ग्राइंडर घेतला. पोलादी, मुठीत मावेल एवढा, पण आतली पाती अशी की दळलेलं सगळं एकसारखं. मशीनला पैसे उरले नव्हते. "मशीन सवडीनं येईल. दळायला तर लागू," म्हणाले. आणि खरोखरच रोज सकाळी ओसरीवर बसून, ग्राइंडर गुडघ्यांत धरून ते कॉफी दळायला लागले. प्यायची नव्हतीच. दळायची, वाटीत काढायची, अक्काच्या नाकाखाली धरायची. अक्का डोळे मिटून श्वास घ्यायची आणि मान हलवायची. "न्हाई." दाजी म्हणायचे, "उद्या बगू." उरलेली पूड गुलाबाच्या मुळाशी जायची. त्या वर्षी गुलाब बेफाम फुलला आणि आळीत सगळे म्हणायला लागले की हवालदारांना रिटायर झाल्यावर काहीतरी झालंय.

दिवाळीनंतर आम्ही दोघं वडूजला गेलो होतो. सकाळी मी आणि दाजी ओसरीवर बसलो होतो. दाजींनी नव्या बिया आणल्या होत्या, जरा जास्त भाजलेल्या, आणि त्या कशा निवडल्या हे मला सांगत ते दळत होते. आत अक्का भाकरी थापत होती. एकदम ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"आवं, काय जळतंय का?"

दाजी ताडकन उठले आणि आत धावले. गॅस बघितला, तवा बघितला, देवापुढची उदबत्ती बघितली. माझ्या बायकोने मागचं अंगण पाहिलं. कुठेच काही जळत नव्हतं.

"काय तरी जळतंय," अक्का पुन्हा म्हणाली. "उसाचं पाचट पेटल्यागत. लय वंगाळ."

मग दाजींच्याच लक्षात आलं. ते बाहेर आले, ग्राइंडरमधली पूड तळहातावर घेतली आणि तिच्यापुढे धरली. घाईत थोडी पूड तिच्या पदरावर सांडली. अक्का वाकली, वास घेतला आणि एकदम मागे सरली.

"हेच! शी! कसला घान वास हाय वो ह्यो!"

"वंगाळ येतोय?" दाजींनी विचारलं.

"लय वंगाळ."

"वंगाळ तर वंगाळ!" दाजी म्हणाले आणि मटकन ओसरीवर बसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि उपरण्याने बराच वेळ पुसत राहिले. माझी बायको बहिणीच्या गळ्यात पडली. अक्का मात्र हात पिठाचे म्हणून दोन्ही हात वर धरून उभी होती आणि म्हणत होती, "अगं भाकरी करपंल." खरोखरच करपली. तो वास तिला आला नाही, पण त्याची आम्हाला आता भीती राहिली नव्हती.

वास हळूहळू आला. वाईट आधी आले, चांगले मागून. लसणाचा वास बरेच दिवस रॉकेलसारखा यायचा. साबणाचा कसा येतो हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मधल्या काळात दाजींनी मशीनचंही मनावर घेतलं. साताऱ्यात एक तरुण इंजिनिअर आपलं जुनं मशीन विकत होता, हाताने दांडा दाबायचं, विजेशिवाय चालणारं. "वडूजात लाइट जाती. लाइट गेली म्हणून कॉफी थांबून चालंल का?" हा दाजींचा मुद्दा बिनतोड होता. ते सकाळी तपासायला गेले ते संध्याकाळी परतले. प्रत्येक रबरी वॉशर काढून बघितला. त्या मुलाच्या आईने त्यांना दोनदा जेवायला वाढलं, आणि तिच्या घरचा गळका नळ दुरुस्त करूनच दाजी मशीन घेऊन निघाले. कपडे धुवायच्या मशीनपेक्षा ते पुष्कळच स्वस्त पडलं. पहिला कप अक्काने घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"कडू हाय," ती म्हणाली. मग दुसरा घोट घेऊन, "चांगलं कडू हाय."

दाजींनीही एक घोट घेतला, गिळला आणि स्वतःसाठी चहा ठेवला.

आता ते दोघं पुण्याला मुलीकडे असतात. दाजींचे गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि मुलीने वडूजचं घर बंद करायला लावलं. परवा आम्ही भेटायला गेलो. मुलीकडे मोठं मशीन आहे. वरून बिया टाकायच्या, बटण दाबायचं, दळणं-बिळणं सगळं आतल्या आत होतं. अक्काचं नाक पहिल्यासारखं नाही, पण पुरेसं आहे. तिने मला दारातच "बसमध्ये भडंग खाल्लंसा व्हय?" असं विचारलं.

दाजी जरा वाळल्यासारखे दिसले. मी विचारलं, "कसं काय, करमतं का?"

"करमतंय की," ते म्हणाले. "हितं कायबी लागलं की पोरगी फोनवर बोट लावती, दुपारपातूर दारात हजर. पसंत न्हाई पडलं तर परत घिऊन जात्यात. इचारायचं कुनाला आनि काय?" खाली रस्त्यावर एक टेम्पो उभा होता, त्यातून कुणाची तरी नवी कपाटं उतरवत होते. दाजी गॅलरीतून ती बराच वेळ बघत राहिले.

निघालो तसे ते लिफ्टपर्यंत पोचवायला आले. बटण दाबलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या घरात काय घ्यायचं न्हाई का वो सध्या? बारीकसारीक कायबी?"

आम्हाला काहीही घ्यायचं नव्हतं. लिफ्टचं दार उघडलं. मी म्हणालो, "गिझर बघायचाय, दाजी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमचा गिझर गेल्याच वर्षी घेतलेला.

"गिझर?" दाजी म्हणाले. त्यांनी माझा दंड धरला. लिफ्ट तशीच खाली गेली. "पाणी बोअरचं का नळाचं? अंगुळीला मानसं किती? आनि सकाळी पयला कोन जातंय, ते आदी सांगा. चला, आत चला."

आतून अक्काचा आवाज आला, "मी भाकरी टाकते. आता जेवूनच जावा."

आमची बस सुटायला थोडाच वेळ राहिला होता. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.