उशाशी ठेवलेला पुस्तकांचा ढीग

मंडळी, "परीक्षणं कुठे अडली?" म्हणून आपल्या वाचनगटावर रोज माझ्या मागे लागला होतात ना? आज दुपारी बसले एकदाची लिहायला.

देवरीजवळच्या आमच्या घरात धानाची पोती माझ्याच खोलीत रचलेली असतात. वाचून झालेलं प्रत्येक पुस्तक मी त्या पोत्यांवर, उशाशी ठेवत गेले. आज वरून एकेक उचलत होते. आधी रानभाज्यांचं पुस्तक, मग कवितासंग्रह, मग एक प्रवासवर्णन. सगळ्यात खाली भूतकथांचा जाडजूड संग्रह. त्याच्याबद्दल एकच ओळ लिहून ठेवली होती: अजिबात भीती वाटत नाही.

तो उचलला, तर खाली सापाची कात!

मी किंचाळले. आई धावत आली. "काऊन ओरडून राहिली वं?" मग तिनंही पाहिलं आणि मला हाताला धरून बाहेर ओढलं.

गावातल्या सर्पमित्राला बोलावलं. त्यानं कात नीट पाहिली. "मण्यार हाय, ताई. कात ओलीच हाय अजून. दूर गेला नसन."

त्यानं सगळी पोती हलवली. साप मिळाला नाही.

रोज रात्री दिवा मालवून, अंधारात चाचपत मी हातातलं पुस्तक त्याच ढिगावर ठेवत होते.

आता अंगणात खाटेवर पाय वर घेऊन हे लिहितेय. भूतकथांची ती ओळ खोडलीय. आईला म्हटलं, आज मी दुसऱ्या खोलीत झोपते. ती म्हणाली, "कोणत्या खोलीत झोपशीन? तो आता कुठंबी असन."

खरं सांगा, तुम्ही झोपला असता?