सीट दोन इंच खाली

पन्नाशीला टेकले असताना मी कच्च्या रस्त्यावर चालणारी जुनी मोटरसायकल घेतली. बसले तर पाय जमिनीला पोहोचेनात. तरसालीच्या गॅरेजमधला मिस्त्री म्हणाला, "बेन, सीटचा फोम दोन इंच कापू. बसायला जरा कडक लागेल, पण पाय टेकतील." त्याने फोम कापला आणि दगड लागू नयेत म्हणून इंजिनाखाली जाड पत्राही ठोकून दिला.

पुढच्या रविवारी मी नवऱ्याला मागे बसवून मही नदीकाठच्या कोतरांत, मातीच्या खोल घळींत गेले. नदीकडे उतरणारी वाट नुसती वाळूची होती. ते म्हणाले, "मी चालत येतो." मी एकटीच उतरले आणि निम्म्या वाटेवर पुढचं चाक रुतून सावकाश आडवी झाले.

ते धावत आले. "लागलं का?"

"नाही. गाडी उचलायला हात लावा."

दोघांनी मिळून ती उभी केली. हे रिफायनरीत मशिनांपाशी आयुष्य काढलेले. जरा वेळ चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागे वजन असलं तर पुढचं चाक हलकं राहील. परत वर ने, मी बसतो."

या खेपेला आम्ही सरळ पाण्यापर्यंत उतरलो. काठावर बसून बाजरीचे ढेबरे आणि कैरीचा गोड छुंदा खाल्ला. परतताना त्यांनी माझ्या कमरेभोवतीचा हात शहरात, पार फतेगंजपर्यंत काढला नाही. सिग्नलला लोक वळून बघत होते, आणि मला छान वाटत होतं.