महांतेशचं नाक

चामराजपेटेतल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर महांतेश भाड्याने राहतो. मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि घाबरला की दोन्ही एकदम. रोज सकाळी स्कूटरला एक निळी पेटी बांधून तो जायचा. काम काय करतो, हे मला पहिले सहा महिने कळलंच नाही. शेवटी विचारलं तर म्हणाला, "अक्का, लोकांच्या घरच्या स्विमिंग पूलचं पाणी तपासतो." मी म्हटलं, धन्य! आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि तिकडे पाण्याची तब्येत बघायला माणूस ठेवतात.

त्याच्याकडे अकरा घरं होती, बहुतेक मिठाच्या पाण्याची. या पूलमध्ये मीठ घालतात आणि पंपाजवळ बसवलेलं यंत्र त्या मिठातून क्लोरीन बनवत राहतं. मालकांना वाटतं, मिठाचं पाणी म्हणजे सगळं नैसर्गिक, औषधबिषध काही नाही. महांतेशला याचा भारी राग. "क्लोरीन हाईच की त्यात," म्हणायचा. "पिशवीतनं येत न्हाई, यंत्रातनं येतंय, एवढंच."

पाणी तपासायची पद्धत त्याने मला आमच्याच बादलीवर दाखवली होती. हात कोपरापर्यंत बुडवून खालचं पाणी घ्यायचं, दोन छोट्या नळ्या भरायच्या. एकीत लाल थेंब टाकले की पाण्याचा आंबटपणा कळतो. दुसरीत पांढरी गोळी टाकायची. पाणी जितकं गुलाबी, तितकं क्लोरीन जास्त. रंग आला नाही तर क्लोरीन नाही.

पण या धंद्यात गोळीच्याही आधी नाक लागतं. आणि महांतेशचं नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं ते परत आलंच नाही. हिंग नाही, रॉकेल नाही, क्लोरीन तर नाहीच. आज येईल, उद्या येईल म्हणत त्याने चार वर्षं काढली. कॉन्ट्रॅक्टरला कळलं तर काम जाईल, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं? माझ्या साराचा वास जिन्यापर्यंत येतो म्हणून हा मेला चार वर्षं माझं कौतुक करत होता!

मार्चमधली गोष्ट. बेळ्ळंदूरच्या एका बंगल्यांच्या कॉलनीत तो सकाळी अकराला पोहोचला. हे घर अंजलीचं. ती पुण्याची, आयटीतली, वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून घरूनच काम करते. तिची आठ वर्षांची मुलगी शाल्मली. तिला दमा आहे, श्वासाचा पंप कायम दप्तरात. पोहण्याने छाती मोकळी होते म्हणून तर तिच्या बाबांनी, सुशांतने, पूल बांधून घेतला होता. दोन आठवडे सगळे पुण्याला गेले होते आणि पूलवर कव्हर घातलेलं होतं.

महांतेशने कव्हर गुंडाळलं. पाणी आरशासारखं स्वच्छ. नळी भरली, गोळी टाकली. क्षणभर गुलाबी झाक आली आणि गेली. पाणी परत बिनरंगी. गोळी जुनी झाली असेल, त्याला वाटलं. पंधरा दिवस बंद पाणी, क्लोरीन संपलं असणार. तोंडाला मास्क लावून त्याने मापाने पावडर ओतली; पूलचा पंप चालूच होता, तो तसाच ठेवला. अंजलीने वरच्या खिडकीतून विचारलं, "दादा, चारला शाल्मलीला उतरू देऊ ना? दोन आठवडे डोकं खातेय माझं."

"सरी, चालतंय ताई. आरामात उतरू दे," तो म्हणाला आणि निघाला.

जेवून अडीचला गाठलं ते पुढचं घर बसवनगुडीत, एका म्हाताऱ्या जोडप्याचं. गुडघ्यांच्या व्यायामासाठी त्यांनी छोटा पूल केलाय. तिथे त्याने त्याच पाकिटातली गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं.

महांतेश नळी धरून उभा राहिला. म्हणजे गोळी जुनी नव्हती. आणि मग त्याला त्याचा कॉन्ट्रॅक्टर त्रिविक्रम आठवला. काम शिकवताना पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता: रंग येऊन गेला तर क्लोरीन कमी नाही, बेसुमार आहे. इतकं, की गोळीचा रंगच खाऊन टाकतं. अशा वेळी वाकून वास घ्यायचा.

सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. पंधरा दिवस कव्हर, म्हणजे ऊन नाही, क्लोरीन उडालं नाही. यंत्र मात्र चालूच. पाणी आधीच जहाल झालेलं, त्यात याने वरून पावडर ओतली. आणि चारला दम्याची पोर त्यात उतरणार होती, तीही याच्याच शब्दावर. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

त्याने अंजलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुशांतचा तर बंदच. मेसेज टाकले, 'पाण्यात उतरू नका' असे तीनदा. एकही वाचला गेला नाही. पेटी तिथेच टाकून तो स्कूटरवर बसला. नळी खिशात तशीच राहिली होती, त्याची पँट भिजली.

त्या रस्त्याचं त्याने मला नंतर सांगितलं. सिल्क बोर्डच्या चौकात ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं तो जागचा हलला नाही. शेजारच्या स्कूल बसमध्ये मुलं दंगा करत होती. त्यातली प्रत्येक पोर त्याला शाल्मलीच वाटत होती. थांबला की फोन लावायचा, सुटला की खिशात टाकायचा. फुटपाथवरून स्कूटर घातली, शिव्या खाल्ल्या. कोण काय म्हणालं, काही आठवत नाही म्हणतो. फक्त एकच विचार: ती खोकतेय आणि पाण्यात आहे.

चार वाजून पाच मिनिटांनी तो कॉलनीच्या गेटवर पोहोचला. वॉचमनने फोन पुढे केला. "मॅडम अप्रूव्ह माडबेकु." मॅडमनी फोनवर परवानगी द्यायला हवी; सकाळची परवानगी सकाळीच संपली होती. मॅडम फोन उचलत नव्हत्या, म्हणूनच तर हा इथवर आला होता! महांतेशने कन्नडमध्ये समजावलं, मराठीत ओरडला, शेवटी स्कूटर आडवी टाकून गेटच्या दांड्याखालून आत पळाला. मागून वॉचमन शिट्टी मारत आला.

शाल्मली दुसऱ्या पायरीवर उभी होती, पाणी कमरेपर्यंत. पोहायचा चष्मा डोक्यावर. ती वाकून खोकत होती, पण बाहेर येत नव्हती, कारण दोन आठवडे वाट बघितलेली. महांतेश बुटांसकट पाण्यात उतरला, तिला उचललं आणि बागेच्या नळाखाली धरलं. पोर घाबरून किंचाळली. ती किंचाळी मात्र हेडफोनमधून पोहोचली आणि अंजली धावत खाली आली.

"काय करताय तुम्ही? सोडा तिला!" आणि दुसऱ्याच क्षणी तिने नाकाला ओढणी लावली. "देवा, केवढा वास हा!"

"ताई, पंप. आधी तिचा पंप आणा."

पंप आला. दोनदा दाबला. शाल्मलीचे डोळे लाल झाले होते, छाती वरखाली होत होती. अंजली तिला मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. वॉचमन, महांतेश, अंजली, सगळे त्या एका खोकल्याकडे कान लावून. पाच मिनिटांनी धाप जरा कमी झाली.

"सुशांतने जाताना मशीन फुल्ल करून ठेवलं होतं," अंजली हळूच म्हणाली. "त्याचंच झालं असणार ना?"

हो म्हणायला काय जात होतं? सुटकेचा दरवाजा तिनेच उघडून दिला होता. महांतेश मला म्हणाला, "अक्का, हो म्हणायला तोंड उघडलंच होतं मी." पण मांडीवरची पोर परत खोकली.

"ते बी हाय ताई," तो म्हणाला. "पण वर आणि पावडर मी टाकली. तपासणी चुकली माझी."

"पण एवढा वास येतोय. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"मला वास येत न्हाई. चार वर्षं झाली."

अंजली ओरडली नाही. तिने विचारलं, "अजून किती घरं आहेत तुमच्याकडे?"

"अकरा. हे धरून."

"सगळ्यांना सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

ओल्या बुटांनी तिथेच उभं राहून त्याने दहा फोन केले, आणि अकरावा त्रिविक्रमला. डॉक्टरांनी शाल्मलीचे डोळे धुतले, घरी येऊन ती पोटभर जेवली म्हणून अंजलीचा मेसेज आला. संध्याकाळपर्यंत महांतेशची सहा घरं गेली होती.

हे सगळं त्याने आमच्या जिन्यात बसून सांगितलं, मला आणि बायको भाग्यलक्ष्मीला. ती नुकतीच गार्मेंट फॅक्टरीतून आली होती, डबाही हातातच होता. तीन वर्षांची लेक तिच्या पायाशी खेळत होती. मी त्याला चार शब्द सुनावले, काम दुसरं मिळेल म्हटलं. भाग्यलक्ष्मीने मात्र कामाचं विचारलंच नाही.

"सकाळी साडेसातला मी जाते," ती म्हणाली. "मग नऊपर्यंत हिच्यासंगं घरात तू एकटाच असतोस. दूध तूच तापवतोस. गॅस गळत असता, तर तुला कळलं असतं का रे?"

भाग्यलक्ष्मीने डबा पायरीवर ठेवला, लेकीला उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि एकटीच वर गेली. वरून खिडक्या उघडल्याचा आवाज आला, एकामागून एक.

"अक्का," महांतेश म्हणाला, "हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की."