उन्हात घातलेली पुस्तकं

बाईंनी कुमुदनं परत आणलेली पुस्तकं हातात घेतली आणि सरळ कपाटात ठेवली. माझं पुस्तक नेहमीसारखं मीच व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं. उन्हात.

मी भाबडी. विचारलं, "बाई, कुमुदच्या पुस्तकांना ऊन नको? कसर लागेल की."

कुमुद माझ्याच वर्गातली, बाईंच्या शेजारी राहणारी. तिनं मान खाली घातली. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, "माझं काही नाही गं. पण घरात सासूबाई आहेत. तुमच्याकडून आलेलं..."

दोन वर्षं मला वाटत होतं, पुस्तकं जपायची हीच रीत. मी तर आमच्या वस्तीत पत्र्यावर पुस्तकाला ऊन दाखवून मगच परत न्यायचे. बाईंचं तेवढंच काम कमी. केवढा अभिमान होता मला त्याचा! आज लिहितानाही अंगाची लाही लाही होते.

बाई शाळेत शिकवायच्या. रेल्वे लाइन्स या भागात त्यांचा बंगला. सत्तरचं दशक, मी कॉलेजात प्री-डिग्रीला. त्यांच्या कपाटाचं मला वेड लागलं होतं. अमेरिकेतल्या माणसांची चरित्रं, आठवणी, सगळी मराठीत आलेली. शेवटी हाती लागली एका काळ्या बाईची आत्मकथा, दोन भागांत. गोऱ्यांच्या घरी ती रांधायची. सगळं घर तिच्या हातचं जेवायचं, तिचं ताट मात्र मागच्या दाराबाहेर. ते पान बाईंनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "माणसासारख्या माणसाला असं वागवतात गं!" म्हणत डोळ्यांना पदर लावला. दोघी रडलो. त्या खुर्चीवर, मी पायरीवर.

पायरीवर. तेव्हाही मला काही कळलं नाही.

तर त्या दिवशी निघताना बाईंनी दुसरा भाग कठड्यावर ठेवला. "घेऊन जा. यात ती ते घर सोडते." मी उचलला. हो, उचलला. एवढं ऐकूनही उचलला. वाचायची भूक वाईट.

आई दारात विड्या वळत बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हुतं."

"कवापासनं?"

"तू पयलं पुस्तक आणलंस तवापासनं. बोलले आसते तर तुजं वाचणं बंद पडलं आसतं की."

आईला अक्षर येत नव्हतं. माझ्या वाचण्यापायी तिनं माझा अपमान एकटीनं गिळला होता. मी तिच्या मांडीवर पडून रडले, पोट दुखेपर्यंत. बाईंवर माझा जीव होता. खरंच होता.

दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडताच परत नेलं. बाईंनी कठड्याकडे बोट दाखवलं. "ठेव तिथं."

"हातात घ्या, बाई."

पुस्तक पुढं धरून मी उभी राहिले. आत सासूबाई खोकल्या. बाई पदराशी चाळा करत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात आला नाही.

मग मी चप्पल काढली. पायरी चढले. आत जाऊन कपाट उघडलं. दुसरा भाग पहिल्याशेजारी ठेवला. आणि सगळ्या पुस्तकांवरून हात फिरवला, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. एकही सोडलं नाही.

"आता घाला सगळी उन्हात," म्हणाले.

ती काळी बाई त्या घरातून कशी बाहेर पडली, मला आजवर माहीत नाही. मी कशी बाहेर पडले ते माहीत आहे. जो हात माझ्या हातून पुस्तक घेत नाही, त्या हाताचं पुस्तक मला नको. वाचणं सोडलं नाही, सोडणार नाही. पण कुणाच्या पायरीवर बसून एक ओळही वाचणार नाही.