जमुनाबाईचं तोंड, चैत्याचं ऑईल

डहाणूच्या बंदरावर जमुनाबाईच्या तोंडाला कोणी लागत नाही. लिलावात टोपलीवर हात ठेवण्याआधी ती माशाचा कल्ला उघडून बघते, आणि आतला रंग जरा फिका दिसला की बोटवाल्याच्या सात पिढ्या उद्धरते. बोटवाला तिचा सख्खा दीर नारू असला तरी त्याची सुटका नाही. पण हेही तितकंच खरं की शिळा मासा तिने कधी ताजा म्हणून विकलेला नाही. "आज नको घेऊ, कालचा आहे," असं स्वतःच्याच टोपलीबद्दल सांगणारी बाई अख्ख्या पट्ट्यात ती एकटीच. म्हणून बाजार कासाचा घ्या नाहीतर तलासरीचा, जमुनाबाई बोलली की लोक पुन्हा विचारत नाहीत. या गोष्टीचा तिला भारी अभिमान. आणि याच्याच जोरावर यंदा ती एका सरळ माणसाच्या पोटावर पाय देऊन बसली होती.

नवरा गेल्यावर तिने बोर्डीच्या एका चिकूवाल्याकडून जुनी पिकअप घेतली. पहिला महिनाभर हौद्याला चिकूचा वास येत होता, नंतर जो बोंबलाचा बसला तो कायमचा. ड्रायव्हर ठेवून बघितले. एक पहाटे उठायचा नाही, दुसरा नाकाला रुमाल बांधून बसायचा, तिसरा मागे बर्फ वितळत असताना चारोटीला चहा ढोसत उभा राहिला. तिघांनाही तिने हाकलून दिलं आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई स्वतः स्टिअरिंगवर बसली. तिला गिअर शिकवणाऱ्यालाही तिने शिव्या दिल्या म्हणतात. गाडीच्या मीटरने तीन लाखांच्या पुढे कुठेतरी मान टाकली होती, दरवाजा आतून दोरीने बांधावा लागायचा, पण इंजिन ठणठणीत होतं.

ते ठणठणीत ठेवलं होतं चैत्याने. रानशेतला रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड आहे. शेजारच्याच आदिवासी पाड्यातला माणूस. वापीला एका गॅरेजात बरीच वर्षं राबून परत आला आणि इथे बसला. कासा-डहाणू चालणाऱ्या जीपा बहुतेक त्याच्याकडेच यायच्या. बोलायचा कमी, आणि गाडी उघडून बघितल्याशिवाय तर अजिबातच बोलायचा नाही.

दिवाळीनंतर जमुनाबाई ऑईल बदलायला गेली तेव्हा प्रत्येकाचं काहीतरी मत होतं. डहाणूतल्या दुकानदाराने नव्या गाड्यांचं पातळ, महागडं ऑईल पुढे केलं होतं. जीपवाला नविन तिथेच जीप दुरुस्तीला टाकून बसला होता, तो म्हणाला, "जाडंच टाका मावशी, धूर मरतो." चैत्याने दोघांचंही ऐकलं नाही. त्याने जुनं ऑईल बोटावर घेऊन चोळून बघितलं, माल किती भरते, पहाटे किती वाजता निघते, ते विचारलं.

"गाडी म्हातारी हाय, मावशी," तो म्हणाला. "पातळ टाकलं तर सीलमधून पाझरेल. एकदम जाड टाकलं तर पहाटे थंड इंजिनात वर चढायला टाईम घेईल, तोवर लोखंडावर लोखंड घासेल. आपण मधलं टाकू, पंधरा-चाळीस नंबरचं, डिझेलवालं. आणि लवकर बदलू."

"ऑईल पिईल का?" जमुनाबाईने विचारलं.

"म्हातारी गाडी थोडं पिणारच. कमी झालं तर हेच टाकायचं, दुसरं काय मिसळायचं नाय. आणि ऑईल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपुढे जायचं नाय." त्याच ऑईलचा एक छोटा डबा त्याने तिच्या सीटखाली ठेवून दिला.

घरी जेवताना जमुनाबाईने हे सगळं सांगितलं, म्हणजे तिच्या पद्धतीने सांगितलं. "गाडी आता ऑईल प्यायला लागली," एवढंच मोठ्याने बोलली, आणि भात मागितला. नारू समोरच बसला होता.

महिना गेला असेल नसेल, गाडी धूर ओकायला लागली. निळसर, दाट धूर. चारोटीच्या सिग्नलला मागचा ट्रकवाला हॉर्न दाबून थकला. कासाच्या बाजारात गाडी उभी केली तिथे मातीवर काळा डाग पडला, आणि एका गिऱ्हाइकाने नाक मुरडून विचारलं, "मावशी, माशाला डिझेलचा वास येतो का गं?" बस्स. तिच्या माशाला कोणी नाव ठेवलं! तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेले मासे तसेच बर्फात टाकून तिने गाडी थेट रानशेतला नेली.

शेडपुढे तीन जीपा उभ्या होत्या, नविन होता, पाच-सहा माणसं होती. जमुनाबाई उतरली तीच बोलत उतरली.

"चैत्या! काळं जळकं ऑईल गाळून डब्यात भरतोस आणि मला नवीन म्हणून विकतोस? माझं इंजिन खाल्लंस तू!"

चैत्या हात पुसत पुढे आला. "मावशी, आधी पट्टी बघू."

"काय बघायचं त्यात? धूर दिसत नाय तुला?" तो बॉनेटला हात लावणार तोच तिने ते धाडकन आपटून बंद केलं. त्याची बोटं थोडक्यात वाचली. "जंगलातली माणसं तुम्ही, तुम्हाला इंजिनातलं काय कळणार! मीच मूर्ख, तुझ्याकडे आले."

इथे खरं तर कोणीतरी तिला गप्प करायला हवं होतं. माशाचा कल्ला उघडल्याशिवाय हातात न घेणारी ही बाई, एक पट्टी ओढून बघायला तयार नव्हती! आणि ते वाक्य! ते कानावर पडूनही त्या पाच-सहा जणांतल्या एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. एकाने तर मान डोलावली. चैत्याचा चेहरा लाकडासारखा झाला. तो म्हणाला, "गाडी घेऊन जा." आणि आत निघून गेला.

ती गाडी घेऊन गेली, आणि तोंडही घेऊन गेली. कासाला सांगितलं, तलासरीला सांगितलं. भाविनीबेन तिथे मिरची-मसाला विकते, जमुनाबाईच्या शेजारीच तिची बसायची जागा आहे. तिला तर रंगवून रंगवून सांगितलं. जमुनाबाई म्हणते म्हणजे झालंच. नविनने आपली जीप हायवेच्या गॅरेजात नेली, त्याचं बघून बाकीच्यांनी नेल्या. वर्षानुवर्षं चैत्याच्या हातच्या गाड्या चालवणारी ही माणसं! एकालाही एकदा जाऊन त्याला विचारावंसं वाटलं नाही.

हायवेच्या गॅरेजवाल्याने जमुनाबाईची गाडी लांबूनच ऐकली आणि निकाल देऊन टाकला. "इंजिन गेलं. पूर्ण उघडावं लागेल." तोपर्यंत गाडी घरीच उभी करा म्हणाला. जमुनाबाई चैत्याला शिव्या देत घरी आली. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी नाही तर बाजार नाही, आणि बाजार नाही तर ती कोण? बंदरावर बसून दुसऱ्यांची मासळी साफ करणारी एक म्हातारी.

पहाटे ती उठून बाहेर आली तर गाडीचं बॉनेट उघडं. नारू उभा. त्याच्या हातात बोटीवरचा प्लास्टिकचा मग, पायाशी बोटीच्या ऑईलचा कॅन. तो निवांतपणे इंजिनात ऑईल ओतत होता, देवाला पाणी घालावं तसा.

"नारू, काय करतोस?"

"ऑईल टाकतो. रोज टाकतो."

"रोज?"

"बोटीवर नसलो की रोज. तूच बोललीस ना जेवताना, गाडी पिते म्हणून." तो जरा खूशच होता. "बोटीला आपण मोजून टाकतो काय? निघताना मगभर ओतायचं. समुद्रात इंजिन बसलं तर ढकलायला कोण येतं? तू एकटी जातेस वहिनी, हायवेला. म्हटलं कोरडी नको राहायला."

जमुनाबाईने आयुष्यात पहिल्यांदा पट्टी ओढून काढली. वरची खूण कुठे आहे ते दिसतच नव्हतं. पट्टी अर्ध्याहून वर माखलेली, आणि त्यावरून बोटीचं ते जाड ऑईल काकवीसारखं हळूहळू ओघळत होतं. ठासून भरलेल्या इंजिनाने धूर ओकायचा नाही तर काय करायचं? सीटखाली हात घातला तर चैत्याने दिलेला डबा जसाच्या तसा. त्याचं सील कोणी फोडलेलंही नव्हतं.

मग जे काही ती नारूला बोलली ते ऐकून शेजारपाजारच्या मासळीच्या सुकवणीवरचे कावळे उडाले. "मेल्या, मला विचारायचंस तरी! माझी गाडी आहे ना? एकदा तरी सांगायचंस!" नारू तो प्लास्टिकचा मग हातात धरून खाली मान घालून उभा राहिला. आणि ओरडतानाच जमुनाबाईच्या ध्यानात आलं. एका महिन्यात कोणी एकदा तरी पट्टी बघितली असती, तर हे तेव्हाच कळलं असतं. आणि एक माणूस तर पट्टी बघायलाच पुढे आला होता.

ती रानशेतला गेली तेव्हा शेडपुढे एक स्कूटर सोडून काही नव्हतं. चैत्या एकटाच बसला होता. तिला बघून उठला नाही.

माफी कशी मागतात ते तिला माहीत नव्हतं. तिला एकच आवाज येत होता, तोच तिने लावला. रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "ऐका सगळ्यांनी! चैत्याचं ऑईल चांगलं होतं! माझ्या दिराने बोटीचं ऑईल ओतलं, आणि मी न बघता याच्या नावाने बोंब मारली! चूक माझी!" ऐकायला होता एक सायकलवाला. तो जरा थांबला आणि निघून गेला.

"हे मला कशाला सांगतेस?" चैत्या म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "मी काय टाकलं होतं ते मला माहीत हाय. कासाला सांगितलंस ना? तलासरीला सांगितलंस ना? मग तिथे जाऊन बोल. माझ्या दारात कशाला ओरडतेस?"

"बोलणार. सगळीकडे बोलणार."

"आणि जंगलातली माणसं बोललीस, ते? ते पण दिराने ओतलं काय?"

जमुनाबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "नाय. ते माझंच होतं. माझ्या पोटातलं."

माफ केलं असं काही चैत्या बोलला नाही. "गाडी घे आत," म्हणाला. "गाडीने काय गुन्हा केला नाय." त्याने सगळं ऑईल काढलं, सीटखालचा डबा फोडला, वर हवं तेवढं स्वतःकडचं घातलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. "बघ." तिने बघितलं. ऑईल खुणेच्या किंचित खाली होतं. धूर एकदम गेला नाही, पण रस्त्याला लागेपर्यंत निम्मा झाला होता.

जमुनाबाई कासाला जीपांच्या स्टँडवर गेली आणि सगळ्यांसमोर बोलली. नविन हसला. "जाऊ दे ना मावशी, झालं ते झालं. आता सगळ्यांच्या जीपा हायवेलाच जातात, परत कोण फिरवणार?" तिने त्याला अशा काही शिव्या दिल्या की तो जीपमध्ये जाऊन बसला. पण जीप काही वळली नाही.

तलासरीला तिने माशाची टोपली उतरवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. भाविनीबेनने मिरच्या बाजूला सारल्या, तिला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग जमुनाबेन, त्या माणसाने तुला धमकी दिली का?"

"कसली धमकी? मी खोटं बोलले होते!"

"तू? तू आणि खोटं?" भाविनीबेनने मान हलवली. "इतकी वरसं बाजूला बसते मी. तू शिळा मासा कोणाला विकत नाय, तू उगाच कोणाचं नाव घेशील? तेव्हा खरं बोललीस तू. आता कोणीतरी तुला बोलायला लावतंय."

जमुनाबाईचा संताप संताप झाला, पण शिवी सुचेना. द्यायची तरी कोणाला? ही बाई तिच्यावरच विश्वास ठेवत होती.

परत येताना तिने रानशेतला गाडी थांबवली. चैत्या कोणाच्या तरी जुन्या रिक्षात डोकं घालून काम करत होता.

"बोलले," ती म्हणाली. "कोणी ऐकतच नाय. मी खरं सांगते तर म्हणतात कोणीतरी शिकवलंय."

चैत्याने डोकं बाहेर काढलं नाही. "माझं पण कोणी ऐकलं नव्हतं, मावशी. मी फक्त पट्टी बघू म्हटलं होतं."

ती गाडीत बसली, दोरीने दरवाजा बांधला आणि घरी गेली. पुढच्या बाजाराला ती पुन्हा तलासरीला गेली, आणि टोपली खाली उतरवायच्या आधी पुन्हा तेच बोलली.