आखाडातली भेट

खाकी उतरवली तरी काही प्रकरणं डोक्यातून उतरत नाहीत. पोलिसाला खून आणि दरोडेच आठवत असणार, असा लोकांचा समज असतो. मला मात्र आजही लख्ख आठवते ती इंदापूर तालुक्यातल्या एका सुनेच्या व्हिसाची चौकशी. त्या चौकशीत कोणाला अटक झाली नाही, साधा पंचनामासुद्धा झाला नाही. पण सेवेच्या शेवटच्या काळात तिने मला चांगलंच कामाला लावलं. नावं लिहिणार नाही. माणसं हयात आहेत आणि सुखात आहेत, तशीच राहोत.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडच्या बऱ्याच मुली अलीकडे लग्न होऊन परदेशी जातात. नवरा तिकडे नोकरीला, बायको इकडे. तिला न्यायचं तर तो तिकडून अर्ज करतो, मग हिचे दाखले, वैद्यकीय तपासणी आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. त्या दाखल्यांतला एक आमच्याकडून जातो, चारित्र्य पडताळणीचा. गोपनीय शाखेचा अंमलदार गुन्हे अभिलेख तपासतो, दोन शेजाऱ्यांचे जबाब घेतो आणि अहवाल सहीला माझ्यासमोर ठेवतो. एरवी पाच मिनिटांचं काम.

शेळगावच्या एका सुनेचा असाच अहवाल टेबलावर होता आणि त्याच सकाळी ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदार म्हणून आमच्या महिला हवालदार ड्युटीवर होत्या. पलीकडे एक वयस्क बाई होती. म्हणाली, "ती शेळगावची पोरगी परदेशी निघालीया ना, तिचं लगीन खोटं हाय. निस्तं कागदावरचं. नवरा सुट्टीवर आला तवा ती त्याच्याजवळ एक दिस राहिली न्हाय. गावात इचारा कुणालाबी." नाव बाईने सांगितलं नाही. पण फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "तिला काय शिक्षा तर हुत न्हाय ना?"

हवालदार बाईंनी हे शेवटचं वाक्यही स्टेशन डायरीत लिहिलं. मी ते दोनदा वाचलं. दुश्मनीने फोन करणारा माणूस असं कधी विचारत नाही. त्याला शिक्षा झालेलीच हवी असते.

तरीही फोन बाजूला सारता येत नव्हता. त्याआधी काही दिवस शेजारच्या एका तालुक्यात परदेशी पाठवण्याच्या नावाखाली मुलींची खोटी लग्नं लावणारा एजंट सापडला होता. ही मुलगी तशाच कोणाच्या तावडीत असेल तर माझ्या सहीने तिला खड्ड्यात लोटल्यासारखं होणार होतं. आणि लग्न खरं असेल, तर माझ्या शेऱ्यामुळे तिचा संसार सुरू होण्याआधीच अडकणार होता. मुलाखत तोंडावर आली होती.

गावात चौकशी केली. फोनवरची गोष्ट अगदी खरी निघाली. लग्न उन्हाळ्यात झालं. नवरा थोडेच दिवस राहून कामावर परतला. पुढची सुट्टी त्याला मिळाली ती नेमकी आषाढात. आमच्या भागातली काही घरं आखाड कडक पाळतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नव्या सुनेने माहेरी राहायचं आणि नवऱ्याचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर सासूच्या जिवावर बेततं, असं मानतात. तेव्हा नवरा शेळगावात आणि बायको बारामतीजवळ पिंपळीत, माहेरी. सगळी सुट्टी अशीच गेली. शेजारी एवढंच म्हणाले, की तो रोज सकाळी मोटारसायकल काढून जायचा आणि दिवस कलल्यावर यायचा. कुठं जायचा कोणाला ठाऊक नव्हतं.

मुलीला ठाण्यात बोलावलं. साधी, नीटनेटकी पोर. मी तिला माझ्या खोलीत बसवलं, शेजारी हवालदार बाई. चहा मागवला. माणूस कपाला कसा हात लावतो त्यावरूनही बरंच कळतं. हिने कप नुसता धरून ठेवला, पीत मात्र नव्हती.

"सुट्टीत नवऱ्याला कितीदा भेटलीस?"

"भेटलो न्हाय आमी. आखाड हुता."

"एकदाही नाही?"

"न्हाय, साहेब."

उत्तर फार चटकन आलं. खरं बोलणाऱ्याला क्षणभर आठवावं लागतं, पाठ केलेलं असेल तर लागत नाही. मी विचारलं, "मुंबईतही हेच सांगणार?" ती म्हणाली, "व्हय."

तिच्यासमोरच हवालदार बाईंनी तिच्या मोबाइलवरून नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. पोरगा झोपेतून उठून पोलीस बघतो तर काय, त्याची गाळणच उडाली. मी तोच प्रश्न केला. तो बिचारा सरळ म्हणाला, "रोज भेटायचो की साहेब. बारामतीत, तिच्या शिवणक्लासात. अर्जातपण मी तसंच लिहिलंय."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि पुन्हा म्हणाली, "न्हाय भेटलो." एकाच संसाराचे दोन जबाब, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होतं आणि ते शोधणं माझं काम होतं.

बारामतीच्या एसटी स्टँडमागे दोन खोल्यांचा शिवणक्लास. चालवणाऱ्या बाईंना सगळ्या पोरी भाभी म्हणतात. त्यांचे यजमान बाजारात कापडाचं दुकान चालवतात. आम्ही मुलीला सोबत नेलं होतं. तिला हवालदार बाईंबरोबर बघताच भाभी हातातली कात्री टाकून उठल्या.

"काय झालं गं? कुणी काय बोललं का तुला?"

मी येण्याचं कारण सांगितलं. भाभींनी मलाच झापलं. "खोटं लगीन? साहेब, तो पोरगा हितं दारात यायचा तवा हिच्या हातातली सुई थांबायची. आदी दोगं स्टँडवरच्या बाकड्यावर बसायची, लोक टकामका बघायचे. लग्नाची नवरा-बायको चोरावानी कशाला बसतील? मीच म्हणलं, मागच्या खोलीत बसा, दार उघडं ठेवा. आन् मी हितं मशीन चालू ठेवायची."

"मशीन कशाला?" हवालदार बाईंनी विचारलं.

"आता त्यांचं बोलणं काय मी ऐकत बसू व्हय? कितीतरी येळा दोरा न ओवताच पाय मारलेत."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. नवरा परत गेल्यावर पुढच्याच महिन्यात तिची सासू गोठ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलीने मनाशी ठरवून टाकलं, की आपण आखाड मोडला म्हणूनच हे झालं. नवऱ्यालाही ती हे बोलली नव्हती, त्याने हसण्यावारी नेलं असतं. सासू अंथरुणावर होती तेव्हा हिने तिचं सगळं केलं, न्हाऊ घालण्यापासून भरवण्यापर्यंत. आणि भेटीबद्दल कधीच तोंड उघडायचं नाही अशी शपथ घेतली. इकडे सुना सासूला आत्या म्हणतात. ती हुंदके देत म्हणाली, "आत्यांना कळलं तर त्यांचं काळीज फाटंल, साहेब. त्या म्हणतील, माझ्या जिवापरीस तुला भेट मोठी झाली का."

मला त्या पोरीची फार माया वाटली, आणि तितकाच रागही आला. मी म्हणालो, "बाळा, वकिलातीत खिडकीपलीकडे बसलेल्या साहेबाला आखाड काय ठाऊक? त्याच्यासमोर नवऱ्याचा अर्ज असणार. तो म्हणतोय रोज भेटलो, तू म्हणणार भेटलोच नाही. तुझं खरंखुरं लग्न तूच खोटं ठरवशील." तिने मान डोलावली. पण सासूला सांगायला ती तयार नव्हती. म्हणून तिला घेऊन आम्हीच शेळगावला निघालो.

घर डाळिंबाच्या बागेला लागून. सासूबाई विधवा, दारातल्या खाटेवर बसलेल्या, हातात काठी, पण बोलणं ठणठणीत. "या साहेब. बसा. च्या टाकती का गं, पोरी?" एवढंच त्या बोलल्या आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हवालदार बाई ताठ झाल्या. मुलगी आत गेल्यावर त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "सर, फोनवरचा आवाज हाच."

मी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणालो, "आजी, तुमच्या सुनेला शिक्षा होणार नाही. तेच विचारलं होतं ना तुम्ही?"

म्हातारीने काठी मांडीवर आडवी घेतली. नाकारलं मात्र नाही.

"तिचं लग्न खोटं आहे असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"न्हाय वो," ती म्हणाली. "खरं हाय ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मीच धाडत हुते त्याला बारामतीला. रोज कायतरी काम सांगायची. फवारणीचं औषध आन, मोटारीचा पार्ट आन. त्याला वाटायचं, आईला फसवतोय. पोरगं इतक्या लांबनं आल्यालं, बायकोचं तोंड न बघता माघारी जाईल व्हय?"

"आणि आखाड?"

"माझ्या जिवावरच येतोय ना, यिऊ दे म्हणलं." ती हसली. "पडले ते शेणावरनं पाय घसरून. त्यात आखाडाचा काय संबंध?"

"मग फोन का केलात, आजी?"

ती काठीची मूठ चोळू लागली. "माझी लेक निरवांगीला हाय, ती बघंल मला. उपाशी काय मरत न्हाय मी. पर ही पोरगी सकाळी उठली की पयलं माझ्या खाटंजवळ येती. रात काय सपान पडलं ते सांगती. ती गेल्यावर सकाळी उठून मी कुणाकडं बघू? दाखला अडला तर राहील अजून थोडे दिस, असं वाटलं. तिचं वाईट व्हावं असं न्हाय वाटलं, देवाशपथ."

चहाचा ट्रे घेऊन मुलगी उंबऱ्यात उभी होती. कधीपासून, ते आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिने ट्रे खाली ठेवला आणि सासूच्या पायाशी येऊन बसली. मला वाटलं होतं, चिडेल. तिच्या जागी मी असतो तर चिडलो असतो.

ती म्हणाली, "आत्या, तुमी मला नुस्तं थांब म्हणाला असता तरी मी थांबले असते की."

म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणून तर म्हणले न्हाय, पोरी."

हवालदार बाई तोंड फिरवून बागेकडे बघू लागल्या. मी चहा घेतला. साखर घालायला पोरगी विसरली होती, पण त्या क्षणी ते बोलून दाखवण्याची छाती माझ्यासारख्या पोलिसाचीही नव्हती.

ठाण्यात परतल्यावर मी अहवालावर सही केली आणि निनावी फोनच्या चौकशीखाली लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' खोटी माहिती देणं गुन्हा आहे, हे मला शिकवायची कोणाला गरज नाही. कायद्याची कलमं मी आयुष्यभर वापरली. पण त्या खाटेवर बसलेल्या बाईला लावायचं कलम मला सापडलं नाही.

मुलाखत झाल्यावर मुलीने मुंबईहून हवालदार बाईंना फोन केला. तिथल्या साहेबाने सुट्टीबद्दल विचारलंच. हिने आखाड, पिंपळी, शिवणक्लास, मागची खोली, रिकामं चालणारं मशीन, सगळं न लपवता सांगितलं. दुभाषी बाईला हसू आवरेना. व्हिसा मंजूर झाला.

नोकरीत मला शिकवलं होतं, की गुन्ह्यात कोणाचा फायदा आहे ते आधी बघ. बहुतेक वेळा त्याचा उपयोग झाला. पण या प्रकरणाने मला शिकवलं, की माणसं एकमेकांचं वाईट करायला जेवढं खोटं बोलतात, त्याहून जास्त खोटं एकमेकांना जपायला बोलतात. त्या घरात सून सासूसाठी खोटं बोलली. सासू पोरांसाठी खोटं बोलली आणि मग एकदाच, स्वतःसाठी. तेही नीट जमलं नाही तिला. फोन ठेवताना सुनेची काळजी तोंडातून निघून गेलीच.

सुनेला विमानतळावर सोडायला निघालेली गाडी आमच्या ठाण्यासमोर थांबली होती. मी बाहेर आलो. मागच्या सीटवर सासूबाई, सुनेचा हात दोन्ही हातांत धरून. मी विचारलं, "आजी, तुम्ही पण एवढ्या लांब निघालात?"

म्हातारी म्हणाली, "साहेब, ह्या येळंला मीच सोडून येते. न्हायतर परत फोन करीन."