धाकट्याच्या भट्टीतला शेवटचा साचा

“ते मोठे कारागीर होते, पण अखेरच्या काळात त्यांचा हात पूर्वीचा राहिला नव्हता. आमच्या नव्या मशीनचा साचा त्यांनी भट्टीत गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला आणि तो तडकला. आज तो प्रसंग आपण सर्वांनी विसरावा, अशी माझी विनंती आहे.”

माझ्या धाकट्या भावाच्या शोकसभेत, नाशकातल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकांनी काढलेले हे उद्गार. सभागृहात माना डोलल्या. ‘केवढं मोठं मन,’ असे माझ्या मागे कोणीतरी पुटपुटलेही. मी उठू लागलो, तोच पुतण्याने माझे मनगट धरले. “काका, आज नको.” त्या दिवशी मी बसलो. आज बसणार नाही. जी चूक घडलीच नाही, तिची क्षमा करणे म्हणजे औदार्य नव्हे. आरोप कायमचा करून टाकण्याची ती सभ्य रीत आहे.

आम्ही दोघे भाऊ सायखेड्याचे. गोदावरीकाठची शेती मोठ्या घराला पुरेना म्हणून नाशकात आलो आणि दोघेही पोलादाला लागलो. मी साचे घडवण्यात उमर घालवली. त्याने पुढे स्वतःची भट्टी टाकली. वितळलेले ॲल्युमिनियम दाबाने भरून गाड्यांचे सुटे भाग ज्यांत ओततात, त्या पोलादी साच्यांची, म्हणजे आमच्या बोलीतल्या डायची, वरची कातडी तो कडक करून देई. बंद भट्टीत अमोनिया वायू सोडून, मंद तापमानावर, अतिशय धीराने करायचे हे काम. साच्यात दर खेपेला, म्हणजे दर ‘शॉट’ला, तप्त धातू शिरतो आणि मागोमाग पाण्याचा फवारा बसतो. हे दिवसरात्र चालले की साध्या पोलादाचा पृष्ठभाग आटलेल्या तळ्यासारखा भेगाळतो. ती कडक कातडी या भेगा थोपवून धरते. पातळ राहिली तर निरुपयोगी, जाड झाली तर पापडासारखी तुटणारी. तो नेमकेपणा माझ्या भावाकडे होता आणि त्याचा त्याला ताठाही होता. माझ्या ताठ्याहून तो तसूभरही कमी नव्हता.

पण साच्याचे आयुष्य एकट्या भट्टीवाल्याच्या हाती नसते. साचा मशीनवर चढवल्यावर तो आधी गॅसच्या बर्नरने तापवावा लागतो. पाण्याचा थेंब टाकताच चुर्र होऊन उडून जावा, इतका. थंड साच्यात वितळलेला धातू सोडला, तर वरची कातडी कितीही निर्दोष असो, कोपऱ्यातून खोल तडा जातो. हे काम कारखान्याचे.

त्या शेवटच्या साच्याच्या वेळी भावाचे डायलिसिस सुरू झाले होते. तरीही भट्टीपाशी खुर्ची टाकून तो स्वतः बसला. शेजारी मी होतो.

“दादा, तू घरी जा. तू इथे बसलास की भट्टीपेक्षा तूच जास्त तापतोस.”

“तापायला मी आहे म्हणून तुला थंड डोक्याने काम करता आलं जन्मभर.”

तो हसला, पण तापमानाच्या काट्यावरची नजर त्याने हलवली नाही.

कारखान्यात नव्या मशीनची पूजा होती, त्या दिवशी तो अंथरुणावर होता. दुपारी त्यांचा ड्रायव्हर नारळ, पेढे आणि झेंडूचा मोठा हार घेऊन आला. “मालकीणबाईंनी दिलाय. पूजेत डायलाच घातला होता. शॉट घ्यायच्या आधी काढला नि म्हणल्या, ज्यांच्या हातचं काम त्यांना देऊन ये. लय उशीर झाला, द्वारका चौकात ट्रॅफिकमधी अडकलो व्हतो.” भावजयीने हार उशाशी ठेवला. भावाने तो उचलून नाकाशी धरला. “आजवर साच्यांच्या तक्रारी घरी यायच्या, दादा. हार पहिल्यांदाच आला.”

दुसऱ्या दिवशी तक्रारही आली. साचा तडकला होता.

मी आणि पुतण्या कारखान्यात गेलो. तडा मी स्वतः पाहिला. जाड झालेली कातडी बारीक जाळीने फुटते, तिचे पोपडे निघतात. इथे कोपऱ्यातून आत गेलेली एकच खोल चीर होती. साचा थंड असतानाच धातू सोडला, असे मी तोंडावर सांगितले. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “साचा पूजेआधीच पूर्ण तापवून ठेवला होता. पूजा झाली, हार काढला आणि लगेच पहिला शॉट घेतला. थंड असण्याचा प्रश्नच नाही. आजोबा, तुमचा भाऊ आहे, तुमची भावना मी समजू शकतो.”

“मी तुमचा आजोबा नाही. भावना राहू द्या, तड्याविषयी बोला.”

ते पुढच्या मशीनकडे निघून गेले. मात्र त्यांची कथा वसाहतीतल्या साऱ्या फोनांवर फिरली. म्हातारा भट्टीपाशी झोपला, असे तिचे रूप झाले. भट्टीकडे येणारे साचे दुसरीकडे जाऊ लागले. तेही मी सहन केले असते. पण ती कथा भावाच्या उशापर्यंत पोहोचली, आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाचे ऐकून घेतले नव्हते, त्याला ती पटू लागली.

“दादा, त्या दिवशी माझा डोळा लागला होता का?”

“नाही.”

“खरं सांग.”

“मी समोर बसलो होतो.”

“तू माझा भाऊ आहेस,” तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

पुढे बोलणे तुटक झाले, माणसे ओळखेनाशी झाली, तरी तो प्रश्न तेवढा शाबूत राहिला. मी दर वेळी तेच उत्तर दिले. दर वेळी ते त्याच्या कामी आले नाही. पुतण्याही एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबा थकले होते, काका. मान्य केलं तर काय बिघडतं?” मी त्याच्याशी कित्येक दिवस बोललो नाही. भाऊ गेला तो स्वतःला दोषी मानूनच गेला.

शोकसभेत त्या व्यवस्थापकांनी त्याच्या तसबिरीला झेंडूचा हार घातला आणि मग ते भाषण केले. ते बोलत असताना पंख्याच्या वाऱ्याने हाराचे टोक समईच्या ज्योतीला लागले. क्षणात पाकळ्या काळ्या पडून मुरडल्या. तो वास आला आणि मी उठलो. पुतण्याला वाटले, मी संतापाने उठलो. त्याने मला बसवले.

मला सांगायचे होते ते एवढेच. त्यांच्याच शब्दांप्रमाणे साचा पूजेआधी तापून तयार होता, आणि पूजा संपेपर्यंत हार त्या साच्यावरच होता. तोच हार आमच्या घरी आला. भावजयीने तो हाताळला, भावाने नाकाशी धरला, मी पाहिला. त्याची एकही पाकळी करपलेली नव्हती.